श्रीमती एररबाई, मुक्काम टर्मिनल, यांस

तारकर्ली, ता. मालवण
श्रावण



पत्र लिहिण्यास कारण की, परवा तुमची पुन्हा गाठ पडली आणि या वेळी सविस्तर बोलल्याशिवाय राहवेना. आपली ओळख कॉलेजातली. तुम्ही काळ्या पडद्यावर चार ओळी टाकायच्या, मी कुठेतरी दुरुस्ती करायची, तुम्ही निघून जायचं, एवढाच आपला आजवरचा व्यवहार. इतक्या वर्षांत तुम्हाला साधं बसायलाही सांगितलं नाही. तेव्हा आज बसा.

इकडची खुशाली बरी आहे. पाऊस पुष्कळ झाला. होड्या वर ओढून झापांखाली ठेवल्या आहेत, देवबागच्या अंगाला कर्ली नदी लाल गढूळ पाणी समुद्रात ओतते आहे, आणि या पाण्यात स्कूबासाठी कुणाला उतरवायचा प्रश्नच येत नाही. घरच्या न्याहारी-निवासाच्या खोल्या रिकाम्या आहेत. वर्षभर तुंबलेली कॉम्प्युटरची कामं आम्ही याच दिवसांत काढतो. माझा पुतण्या इथे डाइव्ह गाइड आहे. हंगाम संपता संपता त्याने नवा डाइव्ह कॉम्प्युटर घेतला. मनगटाला बांधायचं हे यंत्र पाण्याखाली खोली, वेळ, तापमान टिपून ठेवतं. त्या नोंदी लॅपटॉपवर उतरवायला आम्ही 'सबसर्फेस' वापरतो. पण लिनक्सबरोबर आलेलं सबसर्फेस जुनं, त्याला हे नवं मॉडेल ओळखता येईना. नव्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, मात्र त्याची सोय झालेली होती. म्हणून सोर्स आणून घरीच बिल्ड करायचं ठरवलं आणि दार उघडलं तर तुम्ही उभ्या.

सबसर्फेस म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. लिनक्सचा कर्नल लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स स्वतः हौशी डायव्हर. २०११ साली कर्नलच्या मुख्य सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली, तो काही आठवडे बंद ठेवावा लागला, आणि त्या रिकाम्या काळात त्यांनी स्वतःच्या बुड्यांच्या नोंदी ठेवायला हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढच्याच वर्षी डर्क होंडेल यांनी तो सांभाळायला घेतला, २०१३ मध्ये तो क्यूटी या टूलकिटवर आला, आणि आज जगभरचे डायव्हर तो वापरतात. सोर्स सगळ्यांना खुला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी पर्यटकांना खाली नेणाऱ्या पोराच्या नोंदी ज्या प्रोग्रॅमात साठतात, तोच प्रोग्रॅम टोरवाल्ड्सही वापरतात. मला याचं फार अप्रूप आहे. त्यामुळे तुम्ही त्यात आडव्या आलात की जरा जास्तच लागतं.

आता तक्रारी.

पहिली ही, की तुम्ही मुद्द्याचं बोलता, पण गर्दीत बोलता. चार कोअरचा लॅपटॉप, म्हणून बिल्ड चालवणाऱ्या 'मेक'ला चार कामं एकदम दिलेली. एका कोअरवर तुम्ही अडता. बाकीच्या तीन ठिकाणी काम चालूच राहतं, त्यांच्या ओळी तुमच्या ओळीवर येऊन पडतात, आणि सगळं थांबल्यावर शेवटी 'मेक' येऊन 'एरर २' एवढंच सांगून जातो. नवं माणूस ती शेवटची ओळ धरून बसतं. ती ओळ काहीच सांगत नाही. खाली कुणीतरी अडलं, एवढाच तिचा अर्थ. रापणीचं जाळं गुंतलं की जाणता माणूस ओढाओढ करत नाही, पहिली गाठ कुठे पडली तिथे बोटं नेतो. तुमच्या बाबतीतही तेच करावं लागतं. सगळं आउटपुट एका फाइलीत वळवायचं, 'मेक' एकाच कामाने पुन्हा चालवायचं, आणि वरून खाली येत 'एरर' हा शब्द जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबायचं. त्याच्याखालच्या शंभर ओळी त्या एकीच्या पोटी जन्मलेल्या असतात. हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर किती मुलं तुम्हाला घाबरायची थांबली असती!

घाबरण्यावरून आठवलं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत तेच होतं. ते जन्मलं डॉसच्या काळात, आणि आम्ही ते शिकत होतो तेव्हा जग केव्हाच पुढे गेलेलं होतं. प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर 'कोनिओ डॉट एच', सुरुवातीला पडदा पुसायचा, शेवटी 'गेटसीएच'. जर्नलमध्ये तसंच, प्रॅक्टिकल परीक्षेतही तसंच. एकदा एका मैत्रिणीने लिनक्स टाकलेलं मशीन आणलं. पाठ असलेला तोच प्रोग्रॅम त्यावर टाइप केला आणि तुम्ही म्हणालात, 'कोनिओ डॉट एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.' जी फाइल आम्हाला सी भाषेचाच भाग म्हणून शिकवली होती, ती भाषेत कधी नव्हतीच! ती एका विशिष्ट कंपाइलरची, एका विशिष्ट यंत्रासाठीची सोय होती. शिक्षकांनी हे सांगितलं नव्हतं, पुस्तकाने सांगितलं नव्हतं. तुम्ही एका ओळीत सांगितलंत. बाई, त्या दिवसाचे आभार राहिले होते, ते आज घ्या.

तेव्हापासून तुमचा शब्द मी खाली पडू दिलेला नाही. म्हणून दुसरी तक्रार अधिक हक्काने करते. तुम्ही काय नाही ते सांगता, ते कुठे मिळेल ते सांगत नाही. परवा म्हणालात, 'गिट-टू डॉट एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.' सबसर्फेस बुड्यांच्या नोंदी गिटच्या पद्धतीनेही साठवतं, म्हणून त्याला 'लिबगिट-टू' लागते, इथवर ठीक. पण पुतण्या म्हणाला, "काकू, ही लायब्ररी आपल्याकडे आहे. हे बघ, इन्स्टॉल्ड म्हणून दाखवतंय." त्याचंही खरं होतं आणि तुमचंही. डेबियन, उबुंटू हे लिनक्सचे प्रकार; ते बनवणारे एका लायब्ररीचे दोन भाग करतात. प्रोग्रॅम चालवायला लागणारा भाग वेगळा, आणि प्रोग्रॅम बिल्ड करायला लागणाऱ्या हेडर फाइलींचा भाग वेगळा, त्याच्या नावाला शेवटी 'डेव्ह' लागतं. फेडोरा या दुसऱ्या प्रकारात 'डेव्हल'. नुसतं वापरणाऱ्याच्या डिस्कवर नको ती भर पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे. ज्याला हे माहीत त्याचं काम एका मिनिटाचं, ज्याला माहीत नाही त्याची रात्र जाते. कोणत्या पॅकेजात ती फाइल आहे हे 'अ‍ॅप्ट-फाइल' सांगतं, फेडोरात 'डीएनएफ प्रोव्हाइड्स'. तुमच्या घराशेजारी हे दोघे राहतात आणि तुम्ही कधी त्यांचं नावसुद्धा घेत नाही.

तिसरी तक्रार मघाच्यापेक्षा खोल आहे. गिटचं मिटवलं, तर तुम्ही पुढच्या वळणावर पुन्हा हजर. या वेळी म्हणालात की अमुक नाव या स्कोपमध्ये घोषितच केलेलं नाही. ज्या फाइलीत त्याची घोषणा असायला हवी ती तर समोर उघडी होती, आणि नाव तिच्यात ठळक दिसत होतं. पुतण्याचा चेहरा पडला. डोळ्यांना दिसणारी गोष्ट तुम्ही नाही म्हणत होतात. मग मी 'मेक'ला सविस्तर बोलायला लावलं, म्हणजे कंपाइलरला दिलेली पूर्ण आज्ञा पडद्यावर येते, आणि तिच्यातले हेडर शोधायचे रस्ते एकेक करून वाचले. तिथे उलगडा झाला. डाइव्ह कॉम्प्युटरशी बोलण्याचं काम 'लिबडाइव्हकॉम्प्युटर' नावाची लायब्ररी करते. तिची एक प्रत लिनक्सबरोबर आलेली, आणि सबसर्फेसची स्वतःची वेगळी शाखा आहे, ती त्याच्या सोर्सच्या पोटात सबमॉड्यूल म्हणून येते. आमच्याकडे नेट मध्येच गेल्यामुळे तो सबमॉड्यूल अर्धाच उतरला होता. म्हणून कंपाइलरला सापडली ती सिस्टिममधली जुनी प्रत. आम्ही एक फाइल वाचत होतो, तुम्ही दुसरीच वाचत होतात. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

सबमॉड्यूल पुन्हा नीट उतरवला, सिस्टिममधलं 'डेव्ह' पॅकेज काढून टाकलं, आणि बिल्डचं अख्खं फोल्डर पुसून नव्याने सुरुवात केली. हे पुसणं महत्त्वाचं, कारण बिल्डची तयारी करणारं सीमेक एकदा शोधलेले रस्ते आपल्या कॅशमध्ये लिहून ठेवतं आणि बाहेर जग बदललं तरी तेच धरून चालतं. तेवढ्यात आई येऊन म्हणाली, "निज आता, फाल्या बघ." तिचं बरोबर होतं, पण कुणी निजलं नाही.

शेवटी तुम्ही आणखी एकदा आलात, आणि त्या वेळी तर तुमचं बोलणं एका शब्दावर आलं होतं: 'किल्ड'. ना ओळ क्रमांक, ना फाइलीतली चूक. तिथे कोडचा काही दोष नव्हता. लॅपटॉपला मेमरी चार जीबी, कंपाइलरची चार कामं एकदम चाललेली, सी-प्लस-प्लसची एकेक फाइल मेमरी खाणारी. मेमरी संपली की कर्नलच एखाद्या कामाचा गळा दाबतो, आणि बहुधा सगळ्यात जास्त खाणाऱ्याचा. स्वॅप फाइल वाढवली, एका वेळी एकच काम दिलं, आणि सावकाश का होईना, बिल्ड पार पडलं. पुतण्याच्या हंगामभरच्या बुड्यांचे आलेख एकामागून एक उमटू लागले. तुम्ही तेव्हा नव्हता. काम झालं की तुम्ही कधीच नसता, हीसुद्धा एक तक्रारच समजा.

पण एवढंच लिहून थांबले तर मी कृतघ्न ठरेन. तुम्ही किती बदललात हे मी पाहिलं आहे. जीसीसी हा कंपाइलर पहिल्यांदा लोकांसमोर आला मार्च १९८७ मध्ये. (इकडे मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेही त्याच वर्षी.) पुढची कित्येक वर्षं तुम्ही फाइलीचं नाव आणि ओळीचा आकडा देऊन मोकळ्या व्हायचात. ओळ लांब असली तर तिच्यात नक्की कुठे दुखतंय हे आम्ही शोधत बसायचं. मग क्लँग हा दुसरा कंपाइलर आला. त्याचे संदेश इतके स्वच्छ होते की लोक तुलना करू लागले. २०१३ मध्ये जीसीसी ४.८ ने चुकलेली ओळ छापून तिच्याखाली नेमक्या जागी बाणाचं टोक ठेवायला सुरुवात केली, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला रंग मिळाला. नंतर तर नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' असंही तुम्ही विचारू लागलात, आणि प्रमाण लायब्ररीतलं एखादं नाव असेल तर कोणतं हेडर घालायचं राहिलं तेही सांगू लागलात. या प्रत्येक शब्दामागे कुणीतरी बसून विचार केला आहे, की वाचणारा थकलेला असेल, एकटा असेल, त्याला काय सांगितलं तर कळेल. असा विचार करणाऱ्या माणसांना मी कधी भेटलेले नाही, पण त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

अलीकडे तुम्ही कडक झालात म्हणून पुष्कळ लोक तुमच्यावर रागावले आहेत. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ आलं आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट बिल्ड होणारी जुनी सॉफ्टवेअरं एकाएकी अडू लागली. कारण काय, तर आधी न सांगता वापरलेलं फंक्शन. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणातच ही सवलत काढून टाकली होती. त्यानंतर पंचवीस वर्षं तुम्ही नुसती ताकीद देत राहिलात. या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. फंक्शनची ओळख आधी दिलेली नसली की कंपाइलर गृहीत धरायचा, ते पूर्णांक परत देतं. पूर्णांक ३२ बिटांचा. आजच्या यंत्रावर मेमरीचा पत्ता ६४ बिटांचा. फंक्शन प्रत्यक्षात पत्ता परत देत असेल तर त्याचा अर्धा भाग वाटेतच गळून पडतो, आणि प्रोग्रॅम भलत्याच वेळी, भलत्याच ठिकाणी कोसळतो. बिल्डच्या वेळी तुम्ही एक ओळ बोललात तर ते तिथल्या तिथे निस्तरतं. डायव्हरच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम असा मध्येच कोसळून चालेल का? तुमचा कडकपणा आहे तसाच राहू द्या.

आता मूळ गोष्टीवर येते, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. खुला सोर्स, खुला सोर्स असं आपण सगळे म्हणतो. पण सोर्स नुसता उघडा असून भागत नाही. ज्याला तो आपल्या यंत्रावर बिल्ड करता येतो, त्याच्यापुरताच तो खुला असतो. कायद्याने दिलेला हक्क आणि हातात आलेली वस्तू यांच्या मधल्या उंबऱ्यावर तुम्ही उभ्या असता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पोर्टलंडला डेबियनची परिषद भरली होती. तिथे खुद्द टोरवाल्ड्स म्हणाले की विंडोज आणि मॅकसाठी आम्ही सबसर्फेस तयार करून देतो, पण लिनक्सच्या इतक्या प्रकारांसाठी तयार बायनरी करणं अतिशय त्रासाचं आहे. लिनक्स ज्यांनी जन्माला घातलं त्यांनाही त्यांच्याच लिनक्सवर हा उंबरा जड जातो! मग देवबाग, वायरी, मालवणातल्या मुलामुलींना तो जड गेला तर त्यांचं काय चुकलं?

आणि इथे नेट कधी असतं, कधी नसतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा कितीतरी दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून एक काम पुरं करायचं होतं. सोर्स हातात होता. एक छोटंसं 'डेव्ह' पॅकेज नव्हतं, आणि ते आणायला रस्ता नव्हता. तुम्ही 'नो सच फाइल' म्हणालात आणि काम तिथेच थांबलं. त्या वादळानंतर लागणारी सगळी पॅकेजं मी एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवते, आणि गावातलं कुणीही येऊन ती घेऊन जाऊ शकतं. शहरात बसून बिल्डच्या सूचना लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही, की 'एवढं डाउनलोड करा' ही एक ओळ इथे अख्खा दिवस खाऊ शकते.

तुमच्या भल्यासाठी आपल्याकडेही माणसं राबली आहेत, हे मला अभिमानाने नमूद करावंसं वाटतं. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसीच्या पोटात काय चालतं हे शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आणि त्यांचं साहित्य सर्वांना खुलं ठेवलं. ज्याच्या सोर्सच्या ओळी कोटीच्या पुढे जातात, त्या कंपाइलरला हात घालायची भीती विद्यार्थ्यांच्या मनातून जावी म्हणून केलेलं हे काम आहे. मला वाटतं, त्याच्या दहा पायऱ्या खालचं एक काम अजून कुणी नीट केलेलं नाही. तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मुलांना तुम्हाला वाचायला शिकवायचं. प्रोग्रॅम लिहायला शिकवतात, पाठ करून घेतात, जर्नलात उतरवून घेतात. पण अडलेला प्रोग्रॅम समोर ठेवून 'आता ही पहिली ओळ वाच, ती काय मागते आहे ते सांग' असा एक तास कुठे होत नाही. अडलेलं सोडवायला ज्याला येतं त्याला पुढचं सगळं स्वतःचं स्वतः शिकता येतं, हे मी पुतण्याकडे बघून सांगते. तो कॉम्प्युटर शिकलेला नाही. पण आता 'अनडिफाइन्ड रेफरन्स' दिसलं की तो हेडर शोधत बसत नाही. कंपाइलरचं काम झालं, लिंकरला लायब्ररी सापडली नाही किंवा भलत्या क्रमाने दिली, एवढं त्याला उमजतं. परवा शेजारच्या डाइव्ह सेंटरचं बिल्ड त्यानेच लावून दिलं.

तेव्हा विनंती दोनच आहेत. तुम्हाला ही, की बोलणं कमी करू नका, स्वच्छ करा. आणि तुमच्याआधी जे बोलतात त्यांना तेवढं सांगा. बिल्डआधी चालणारी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट 'सी कंपाइलरला प्रोग्रॅम तयार करता येत नाही' एवढंच सांगून गप्प बसते आणि खरं कारण 'कॉन्फिग डॉट लॉग'च्या मध्यावर पुरून ठेवते. ते तिने पडद्यावर आणलं तर काय बिघडेल? दुसरी विनंती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आहे. सबसर्फेसच्या लोकांनी आपल्या इन्स्टॉलच्या फाइलीत डेबियनला कोणती पॅकेजं लागतील, फेडोराला कोणती, ओपनसुसेला कोणती, याच्या याद्या नावांनिशी दिल्या आहेत. सगळ्यांनी तेवढं द्यावं, आणि यादी नव्या आवृत्तीबरोबर तपासत जावी. एक नाव जुनं झालं की दूरवर कुणाची तरी रात्र जाते. आम्हाला अडवणारी एक त्रुटी आम्ही पुतण्याच्या नावाने दुरुस्त करून पाठवली आहे. स्वीकारली तर कळवीनच.

पुढच्या पंधरवड्यात क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर बिल्ड करायचा विचार आहे. ते सबसर्फेसहून पुष्कळ मोठं. तेव्हा आपली गाठ पडेलच. येताना नेमकी फाइल आणि ओळ घेऊन या, बाकीचं आम्ही बघतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
तारकर्लीची एक जुनी परिचित